परवाना बंदुकीला, गुन्हा जाळ्याला

किनवटच्या रानात रानडुक्कर मारणे हा गुन्हा ठरेल की नाही, हे मारणाऱ्याच्या हाती काय आहे यावर अवलंबून असावे, ही स्थिती चमत्कारिक खरी. परंतु ती कायद्यानेच निर्माण केली आहे. परवान्याची बंदूक आणि वनखात्याची परवानगी असेल तर तो पीकसंरक्षणाचा उपाय. जाळे किंवा धनुष्यबाण असेल तर अवैध शिकार.

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध, प्रधान या जमातींची वस्ती जुनी आहे. त्यांची मुख्य वृत्ती शेतीची. शिकार ही पूरक, बहुधा सामूहिक, आणि मांसाचे वाटे रूढीने ठरलेले. निजामी अमलात जंगले राखीव होत गेली, जमिनी हातच्या गेल्या आणि त्या असंतोषातून कोमरम भीमाचा उठाव झाला. १९४० मध्ये जोडेघाट येथे भीम मारला गेल्यानंतरच सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या अवस्थेचा अभ्यास करण्यास पाठविले. गोळीबार आधी आणि चौकशी मागाहून, हा क्रम आपल्याकडे अपरिचित नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यानेही हौशी शिकाऱ्याला बराच काळ सांभाळून घेतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शुल्क भरून शिकारीचा परवाना मिळविण्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. त्याच अधिनियमाच्या कलम ६५ ने निकोबार बेटांतील जमातींचे शिकारीचे हक्क मात्र अबाधित ठेवले. म्हणजे परंपरेला अपवाद करणे विधिमंडळास अशक्य नव्हते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील परंपरागत अधिकारांना मान्यता दिली, आणि त्यातून शिकारीचा व सापळे लावण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत वगळला.

येथवर निदान सुसंगती होती. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व रोही यांना मारण्याच्या परवानगीची पद्धत सोपी केली आणि ती सुसंगती संपली. परवानगी घेऊन प्राणी मारावयाचा तर बंदूक हवी, बंदुकीस परवाना हवा. ज्या कोलामाच्या नावावर धड सातबारा नाही, त्याच्याजवळ ती कोठून येणार? शिवाय कलम ३९ अन्वये असा मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. पीक शेतकऱ्याचे गेले, पण मांसावर गावाचा वाटा नाही.

वनखात्याची बाजू मात्र झटकून टाकता येणार नाही. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, आणि हा पट्टा वाघांच्या वाटेवरचा आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला तरुण वाघ याच मुलखातून सुमारे १३०० किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. डुकरासाठी लावलेला फास वाघ ओळखत नाही. कुंपणात सोडलेली वीज तर माणूसही ओळखत नाही. त्यामुळे शिकारीचा सरसकट हक्क मागणाऱ्यांची मागणी मान्य होण्यासारखी नाही. तथापि हाकारा घालून उघडपणे होणारी शिकार आणि रात्री गुपचूप टाकलेली तार यांना एकाच मापाने मोजण्यात शहाणपण नाही. हाकाऱ्याचा आवाज गावभर जातो, तारेचा कोणालाच ऐकू येत नाही. उघड मार्ग बंद झाला की मुका मार्ग शिल्लक राहतो.

उपाय कायद्यातच अर्धा लिहिलेला आहे. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार देते, आणि किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ चा पेसा कायदाही तेथे लागू आहे. शेतात उतरलेल्या डुकरांचा बंदोबस्त कोणी, केव्हा, कोणत्या साधनाने करावयाचा हे वनाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ग्रामसभेने ठरवावे, आणि त्याच सभेवर शिवारातील फास व तारा काढण्याची जबाबदारी टाकावी. नुकसानभरपाई पुढल्या पेरणीच्या आत हाती पडली, तर ही जबाबदारी गावे घेतील. तारेची बातमी देणाऱ्याचेच नाव आरोपींच्या यादीत जाईल अशी धास्ती असेल, तर कोणी तोंड उघडणार नाही. राहिला मांसाच्या वाट्याचा प्रश्न. तो कलम ३९ बदलल्यावाचून सुटणार नाही, आणि तो बदल मुंबईच्या नव्हे, दिल्लीच्या हातात आहे.