सुई चुकली, पैसे कुणाचे?

मुडबी गावाच्या बाजूला जनावराचा डॉक्टर आला की चार शेजारी जमतातच, आणि सुई चुकली तर निवाडाही तेच करतात. देवणी वासराच्या पुठ्ठ्यात दिलेलं इंजेक्शन मज्जातंतूला लागलं तर ते मागचा पाय ओढत चालतं. कॅल्शियम शिरेबाहेर गेलं तर गाईची मान सुजते. मालक ‘नशीब’ म्हणून गप्प बसतो आणि वर सूज उतरवायच्या औषधाचे पैसेही तोच मोजतो! हे काही पटत नाही. जनावर हिसडा देतं, हात चुकतो, कबूल. पण मग निदान त्या दुखापतीचा उपचार तरी फुकट व्हावा. निष्काळजीपणा असेल तर पूर्ण भरपाई डॉक्टरनेच द्यावी. फी घेणाऱ्या खासगी डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सरकारी दवाखान्याचं मात्र अवघड: माणसांच्या डॉक्टरांबाबतच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मोफत सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. गरिबाची गाय नेमकी तिथेच जाते. तिची भरपाई सरकारने द्यावी. खासगीकडे गेलात तर पावती मागून घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.