काचपट्टी वाळते, रोग तसाच राहतो

अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे लेडी हार्डिंग, सरकारी स्त्री रुग्णालयाच्या रांगेतली आपली बाई बहुधा मजुरी पाडून आलेली असते. अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, हे ती सासूलाही सांगत नाही. निंदणाचा दिवस बुडवून, एस.टी.चे भाडे भरून ती येते. तिचा नमुना किती मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली जातो, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

ट्रायकोमोनास हा संभोगातून पसरणारा परजीवी. १८३६ मध्ये फ्रान्सच्या डॉ. दोने यांनी तो पाहिला. काचपट्टीवर स्राव, त्यात सलाईनचा थेंब, वर पातळ काच, आणि भिंगातून जंतू वळवळताना दिसतो. त्याची ओळख या वळवळीवरच. नमुना थंड पडला की ती थांबते, जंतू गोल होतो आणि पूपेशीसारखा दिसतो. परम्याची पट्टी रंगवून उशिरा पाहिली तरी भागते. ही दहा मिनिटांतच पाहावी लागते. तशी पाहूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण सापडतात! मग दुपारपर्यंत ट्रेमध्ये पडलेल्या पट्टीवर ‘निगेटिव्ह’ लिहिणे म्हणजे काय? बाई निरोगी म्हणून घरी जाते आणि रोग तिच्यासोबत जातो.

आपल्याच विदर्भात गडचिरोलीला डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार, आणि त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! दुखणे होते, तपासणारे नव्हते.

शासनाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून रंगीत पाकिटातली औषधे देतात. त्याच दिवशी उपचार होतो, हे चांगलेच. पण ट्रायकोमोनास झालेल्या निम्म्याहून अधिक जणांना लक्षणेच नसतात. त्यांचे काय? आणि नवऱ्याने गोळ्या घेतल्या नाहीत तर बाईला पुन्हा तोच रोग. बदनामी मात्र तिची, त्यातही ती झोपडपट्टीतली असली तर बोलायलाच नको.

हा विषय चारचौघांत काढू नये म्हणणाऱ्यांनी १९३४ आठवावे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’च्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबईच्या न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, लाजले नाहीत.

आरोग्य केंद्रात मलेरियाच्या रक्तपट्ट्या पाहायला सूक्ष्मदर्शक असतोच. मग हीच तपासणी का नको? धारणीचा ओला नमुना घाट उतरून अमरावतीला पोहोचेपर्यंत निरुपयोगी होतो; त्याची तपासणी धारणीतच हवी. मोठ्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शक स्त्रीरोग कक्षातच, तपासणीच्या टेबलाशेजारी ठेवावा. आपल्या महिला मंडळांनी निवेदन द्यावे, माहितीचा अधिकार वापरावा आणि एवढेच विचारावे: नमुना किती वाजता घेतला, किती वाजता पाहिला? दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये लिहिल्या जातात का?