अँडीज पर्वत आणि यूंगायची टेकडी

आपल्या घरी नित्य शिजणारा बटाटा मूळचा आपल्या मातीतला नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ही त्याची जन्मभूमी. तेथील उंच पठारांवरच्या शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी रानकंदापासून तो सिद्ध केला, आणि ‘बटाटा’ हे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. ज्या पर्वताचे अन्न आपण खातो त्याची थोडी ओळख करून घ्यावी, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

अँडीज ही जमिनीवरील सर्वांत लांब पर्वतरांग होय. व्हेनेझुएलापासून चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत सात देशांतून ती सुमारे ७,००० किलोमीटर गेली आहे. आर्जेंटिनातील अकोंकाग्वा हे तिचे सर्वोच्च शिखर ६,९६१ मीटर उंच असून आशिया खंडाबाहेर त्याहून उंच शिखर नाही. पश्चिमेस पॅसिफिक महासागर आहे. आणि किनाऱ्यापासून फार दूर नाही तोच त्याचा तळ खंदकासारखा खचून काही ठिकाणी ८,००० मीटर खोल जातो. एवढी उंची आणि एवढी खोली शेजारी शेजारी असावी, हा योगायोग नव्हे.

पृथ्वीचे कवच एकसंध नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का नावाचा तुकडा दरवर्षी सुमारे ६ ते ७ सेंटिमीटर या वेगाने दक्षिण अमेरिकेखाली शिरत आहे. त्या रेट्याने खंडाची कड चेपली जाते, तिला घड्या पडतात, ती जाड होते आणि वर उचलली जाते. खाली गेलेल्या तळातून पाणी सुटते, त्यामुळे वरचा तप्त खडक वितळतो. तो रस कोठे ज्वालामुखीवाटे बाहेर पडतो, तर कोठे भूगर्भातच थिजून ग्रॅनाईट होतो. हे कार्य कोट्यवधी वर्षे चालले आहे आणि आजही थांबलेले नाही.

पेरू देशात या पर्वताच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या आहेत. एक बर्फाच्छादित, म्हणून तिला ‘पांढरी रांग’ म्हणतात. दुसरी बर्फाविना, ती ‘काळी रांग’. मधून सांता नदी वाहते. पांढऱ्या रांगेचे बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर या खोऱ्यातील शेते पिकतात. वास्कारान हे ६,७६८ मीटर उंचीचे शिखर याच रांगेत आहे, आणि त्याच्या पायथ्याशी यूंगाय हे गाव होते.

१० जानेवारी १९६२ रोजी वास्कारानच्या माथ्यावरून हिमखंड सुटला आणि शेजारचे रानराइर्का गाव गाडले गेले. मध्ये डोंगराची एक सोंड होती. तिच्या आडोशाने यूंगाय वाचले. पुढे ३१ मे १९७० रोजी, रविवारी दुपारी, समुद्राखाली शिरणाऱ्या त्याच थरात खडक तुटला व ७.९ प्रतीचा भूकंप झाला. वास्कारानचा कडा बर्फासह कोसळला आणि अवघ्या काही मिनिटांत सुमारे १५ किलोमीटर खाली आला. या वेळी ती सोंड पुरी पडली नाही. यूंगाय जवळजवळ सारे चिखलाखाली गेले. गावच्या दफनभूमीची टेकडी मात्र उंच होती. तिच्या माथ्यावर हात पसरलेल्या ख्रिस्ताचा पुतळा उभा आहे. धावत तेथवर पोहोचलेले ९२ जण जगले. त्या भूकंपात पेरूमध्ये सुमारे ७०,००० माणसे दगावली.

टेकडीवरचे अधिक पुण्यवान आणि खालचे पापी, असा हिशेब कोणी मांडू नये. जे उंचावर पोहोचले ते वाचले, एवढेच. पर्वत कोपला, असेही आम्ही म्हणणार नाही. ज्या रेट्याने ते शिखर उंच झाले, त्यावर बर्फ साठले व खोऱ्याला पाणी मिळाले, त्याच रेट्याने ते हादरले. देणगी आणि धोका यांचे मूळ एकच आहे. मनुष्याने ते जाणून वस्ती करावी. नवे यूंगाय थोडे उत्तरेस वसविण्यात आले, आणि जुन्या गावाची जागा मृतांची पवित्र भूमी म्हणून राखली आहे.

एकदा वाचलेली जागा पुढेही वाचेलच, असे नाही. आपल्या गावामागच्या डोंगराचा उतार आणि ओढ्याची जुनी वाट वडीलधाऱ्यांनी मुलांना पावसाळ्यापूर्वी हिंडून दाखवावी. मागच्या वेळी पाणी कोठवर चढले होते, तेवढेच सांगून थांबू नये. त्याच्याही वर कोठे जाता येईल, तेही दाखवून ठेवावे.