घर घेणाऱ्याला अनुदान, भाडेकरूला आश्वासन

टाळेबंदी सुरू होऊन पाचच दिवस झाले होते. गावाची वाट धरलेल्या मजुरांचे लोंढे थोपवण्यासाठी २९ मार्च २०२० रोजी दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी पत्रकार परिषदेत शब्द दिला : गरिबीमुळे ज्यांना भाडे देता येणार नाही, त्यांचे भाडे सरकार भरेल. तो शब्द पाळला गेला नाही, तेव्हा मोलमजुरी करणाऱ्या काही भाडेकरूंनी उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्यमंत्र्यांचे असे आश्वासन सरकारवर बंधनकारक ठरू शकते, असा निर्वाळा एकसदस्यीय पीठाने २२ जुलै २०२१ रोजी दिला आणि सहा आठवड्यांत निर्णय घेण्यास सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खंडपीठाने या निकालाला स्थगिती दिली. मजुरांचे भाडे मात्र दरमहा थकतच राहिले.

हा वाद एका मुख्यमंत्र्याच्या शब्दापुरता नाही. काम करूनही ज्याला शहरातले भाडे पेलत नाही, त्याचा काही भार शासनाने उचलावा काय, हा खरा प्रश्न आहे. तत्त्व म्हणून त्याचे होकारार्थी उत्तर शासनाने केव्हाच दिलेले आहे. दिल्ली, मुंबई, पुणे यांसारख्या ‘एक्स’ श्रेणीच्या शहरांत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला. खासगी नोकरदाराला जुन्या कररचनेत याच भत्त्यावर करसवलत मिळते. हे सारे रास्तच आहे. पण ज्याचे उत्पन्न कराच्या कक्षेतच येत नाही, त्याला करसवलतीचा उपयोग काय? मंत्रालयात बसणाऱ्या अधिकाऱ्याला भाड्याचा आधार आहे. त्याच मंत्रालयाच्या दारावर कंत्राटदाराकडून आलेल्या पहारेकऱ्याला नाही. किमान वेतन ठरवताना घरभाडे जमेस धरावे, असे पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने १९५७ मध्येच सांगितले होते. तो निकष आणि संगम विहारमधल्या एका खोलीचे भाडे यांचा मेळ अजून बसलेला नाही.

शासनाचा कल मालकीच्या घराकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या शहरी टप्प्यात गृहकर्जाच्या व्याजावर १.८० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचे कलमही त्यात आहे. पण ते घर बांधणाऱ्यासाठी आहे, भाडे भरणाऱ्यासाठी नाही. आधीचा अनुभव तर निराशाजनकच होता. जुलै २०२० मध्ये मंजूर झालेल्या भाडे संकुल योजनेपुढे सरकारी पैशातून बांधलेली सुमारे एक लाख रिकामी घरे होती. त्यांतली साडेपाच हजारांच्या आसपास घरेच प्रत्यक्ष भाड्याने देण्याजोगी झाली. दिल्लीत बवाना, नरेला, घोघा येथील हजारो सदनिका केंद्र आणि राज्य यांच्या ओढाताणीत वर्षानुवर्षे बंद राहून मोडकळीस आल्या.

कागदाची अडचण याहून चिवट आहे. महिना २०० युनिटपर्यंतची वीज दिल्लीत २०१९ मध्ये मोफत झाली, पण मीटर घरमालकाच्या नावावर असल्याने अनेक भाडेकरूंच्या हाती काही लागले नाही. त्याच वर्षी मालकाच्या ना हरकत पत्राशिवाय भाडेकरूला वेगळा मीटर देण्याची सोय झाली; तरी भाडेकरार वा भाडेपावती मागितलीच. जो मालक पावती देतो तो करही भरतो. म्हणून तो पावतीच देत नाही. लेखी करार सक्तीचा करणारा आदर्श भाडेकरार कायदा केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवला, पण स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर सोडले. दिल्लीचा तर १९९५ चा भाडे कायदा संसदेची संमती आणि राष्ट्रपतींची मंजुरी मिळूनही अंमलात आला नाही.

या उदासीनतेमागचे राजकीय गणित सोपे आहे. भाडेकरू विखुरलेला असतो, घरमालक संघटित असतो. आणि स्थलांतरिताचे मत बहुधा गावच्या यादीत असते. मात्र मनात आणले तर हक्क माणसासोबत प्रवास करू शकतो, हे ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेने दाखवले. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर दिल्लीतही तिची अंमलबजावणी झाली. धान्याला जे जमले ते भाड्याला अशक्य नाही.

भाड्यासाठी रोख मदत दिली तर मालक भाडे वाढवतील, ही शंका खोटी नाही. घरांचा पुरवठा वाढल्याशिवाय अशी मदत पुरी पडणार नाही. शिवाय कमाई थोडी वाढताच मदत एकदम तुटली, तर माणूस जादा काम टाळू लागतो. ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये भाड्याचा हिस्सा नोकरीवर असलेल्यालाही मिळतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स या दराने मदत उतरत जाते. तेथेही मदतीची कमाल मर्यादा प्रत्यक्ष भाड्याच्या मागे पडते, ही तक्रार आहेच. पण मदत टप्प्याटप्प्याने कमी व्हावी, हे तत्त्व घेण्याजोगे आहे.

दिल्लीला आरंभासाठी दूर जाण्याची गरज नाही. प्रदूषणामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये बांधकामे थांबली, तेव्हा नोंदणीकृत बांधकाम मजुरांना प्रत्येकी ५,००० रुपयांची मदत जाहीर झाली. तिच्यासाठी कोणालाही भाडेपावती मागितली गेली नाही. मजूर म्हणून असलेली नोंदणीच पुरेशी मानली गेली. बांधकाम उपकराचा निधी याच मजुरांच्या कल्याणासाठी आहे. त्यातून, त्याच नोंदणीच्या आधारे, भाड्याचा काही भाग दरमहा देण्याचा प्रयोग करता येईल. ज्यांच्या सहीने असे प्रस्ताव पुढे सरकतात वा पडून राहतात, त्यांच्या स्वतःच्या वेतनचिठ्ठीत घरभाड्याचा रकाना दरमहा भरलेला असतो. तोच रकाना राजधानीची घरे बांधणाऱ्यालाही मिळावा, एवढीच ही मागणी आहे.