अणुभट्टीपेक्षा अंगण अवघड!

परवा दातिवऱ्याहून एक पत्र आलं. दातिवरे कुठे, असं विचाराल तर सफाळ्याला गाडीतून उतरायचं आणि पश्चिमेला, समुद्राच्या दिशेनं जायचं. वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तरेच्या काठावर हे गाव. पाण्यापलीकडे अर्नाळा. पत्र लिहिणारी मुलगी आठवीत आहे. ती लिहिते, 'आमची आजी रोज पहाटे अंगण झाडते. वाकून वाकून तिची कंबर धरते. मी टीव्हीवर झाडणारा रोबो पाहिला. माझ्याकडे तीन भाऊबिजांची ओवाळणी साठली आहे, कमी पडले तर बाबा घालणार आहेत. कोणता रोबो घेऊ?'

बाळ, आधी थांब. ओवाळणी डब्यातच राहू दे. तुझा विचार सोन्यासारखा आहे, पण दुकानातला रोबो तुझ्या अंगणात एक दिवससुद्धा टिकणार नाही. का, ते सांगतो. बाकीच्यांनीही ऐका, कारण असा रोबो घ्यायचा हट्ट बऱ्याच घरांत चालू असणार!

घरात झाडणारे रोबो लोकांच्या माहितीचे झाले ते 2002 साली अमेरिकेत 'रूम्बा' बाजारात आला तेव्हापासून. जेवणाच्या ताटाएवढी गोल चकती, खाली दोन चाकं, एक फिरता ब्रश आणि कचरा ओढून घेणारा छोटा पंखा. समोर एक बंपर. तो भिंतीला टेकला की यंत्राला कळतं, इथे वाट नाही, वळा. आणि पोटाखाली काही 'डोळे'. हे डोळे जमिनीकडे अवरक्त किरण सोडतात. आपल्याला न दिसणारा, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच प्रकाश. किरण जमिनीवर आपटून परत आला, तर खाली जमीन आहे. नाही आला, तर पुढे जिन्याची पायरी आहे, मागे फिरा! किती साधी युक्ती, नाही?

पण गंमत पुढेच आहे. काळा रंग हे किरण बराचसा गिळून टाकतो. त्यामुळे अंथरलेली सतरंजी अगदी काळी असली की यंत्राला वाटतं, समोर खड्डा! ते बिचारं तिच्या काठाशी येतं, घाबरतं आणि परत फिरतं. सतरंजी तशीच धुळीनं भरलेली. यंत्राला सतरंजी कळत नाही, खड्डाही कळत नाही. किरण आला की नाही आला, एवढंच कळतं.

आता हे यंत्र घेऊन दातिवऱ्याला चला. ओट्यावरून घरात शिरायला उंबरा. ही यंत्रं साधारण दीड-दोन सेंटिमीटरचा उंचवटा चढतात. कोकणातला उंबरा त्यांना सह्याद्रीच! अंगणात वाळू. वाळूत छोटं चाक जागच्या जागी फिरत राहतं. शिवाय सुरूच्या काड्या ब्रशभोवती अशा गुंडाळतात की आजीलाच त्या कात्रीनं कापत बसावं लागेल. आणि समुद्राची खारी हवा तर सायकलच्या साखळीलाही सोडत नाही, मग या नाजूक तारांचं काय? वर कडक ऊन. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. त्या झगझगाटात रोबोला स्वतःचा किरण ओळखताच येत नाही. म्हणजे ऐन दुपारी तो आंधळा!

आता तुम्ही म्हणाल, माणसानं मंगळावर गाड्या चालवल्या आणि अंगण झाडता येत नाही? मंगळ लांब आहे. आपण जवळच जाऊ या. दातिवऱ्याहून किनाऱ्यानं वर उत्तरेला गेलं की तारापूर. तिथलं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, देशातलं पहिलं. नंतर 2005 आणि 2006 साली तिथे 540 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या चालू झाल्या. या प्रत्येक भट्टीत आडव्या नळ्या असतात, 392. त्यात युरेनियमचं इंधन. जळून गेलेलं इंधन काढून नवं घालायचं, तेही भट्टी चालू असताना! किरणोत्सर्गामुळे तिथे माणूस उभाही राहू शकत नाही. मग दोन अवजड यंत्रं नळीच्या दोन टोकांना येऊन घट्ट बसतात. एक नवं इंधन आत ढकलतं, दुसरं पलीकडून जुनं काढून घेतं. माणसं दूर नियंत्रण कक्षात बसून हे चालवतात. तुमच्यापैकी कुणाचे काका-मामा तिथे नोकरीला असतील तर विचारा त्यांना. या यंत्राला डोकं नाही, हात नाहीत, दिवे लुकलुकणारे डोळेही नाहीत. पण कामानं तो यंत्रमानवाचा सख्खा भाऊच.

एवढं अवघड काम यंत्राला जमतं आणि आजीचं जमत नाही, ते का? तारापूरला सगळी जागा यंत्रासाठी आखलेली आहे. कुठली नळी कुठे, हे ठरलेलं. ती उद्या सकाळी दोन हात सरकणार नाही. तिच्यासमोर कुणी चप्पल काढून ठेवणार नाही. अंगणाचं तसं नाही. ते माणसांसाठी, कोंबड्यांसाठी, वाळत घातलेल्या बोंबलांसाठी आहे. रोज वेगळं. आजी झाडताना तुळशीपाशी हात हलका करते, पडलेली सुपारी बाजूला ठेवते, झोपलेल्या मांजराला वळसा घालते. हे सगळं यंत्राला शिकवायचं म्हणजे तारापूरच्या यंत्रापेक्षा मोठी शाळा!

मग छंद सोडायचा का? मुळीच नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात विल्यम ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूचे अभ्यासक होते. त्यांनी 1948-49 च्या सुमारास तीन चाकांची दोन 'कासवं' बनवली, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकाला फक्त दोन संवेदना : उजेड आणि स्पर्श. रेडिओत असतात तसे दोन व्हॉल्व्ह, हाच मेंदू. तेवढ्यावर ती कासवं उजेडाकडे जात, अडथळ्याला वळसा घालत आणि बॅटरी उतरली की दिवा लावलेल्या आपल्या घरट्यात परतत. बघणारे म्हणत, ही जिवंत आहेत की काय! दोन संवेदना, दोन मोटरी. आपणही तिथूनच सुरुवात करू.

आपली गाडी टेबलावरून पडायची नाही, एवढंच तिचं काम. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात की सगळं सामान मिळेल : दोन 'बीओ' मोटरी चाकांसह, एक आर्डुइनो, मोटर चालवणारं एल२९३डी, आणि दोन आयआर सेन्सर. (आर्डुइनो हे नाव इटलीतल्या एका बारचं बरं का. बनवणारे तिथे बसत!) सेन्सर गाडीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, चाकांच्या पुढे, खाली तोंड करून बसवा. चाकांच्या मागे बसवलेत तर गाडीला कडा कळेल, पण पडल्यावर. आज्ञावली चार ओळींची : डावीकडे जमीन नाही, तर थांब, थोडं मागे ये, उजवीकडे वळ. उजवीकडे नाही, तर उलट.

तीन ठिकाणी सगळ्यांची गाडी अडते. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आर्डुइनोला चालेल, मोटरींना नको. तिच्यात तेवढा दम नसतो. मोटरींना पेन्सिल सेल चार. दुसरं, दोन्ही बॅटऱ्यांच्या वजा तारा एकमेकींना जोडा. हे विसरलात तर सगळं बरोबर असूनही गाडी वेड्यासारखी वागेल. तिसरं, सेन्सरवर एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून त्याची नजर जुळवावी लागते. आई-बाबांनो, डाग द्यायची वेळ आली की शेजारी बसा. पण सोल्डरची कांडी मुलांच्याच हातात असू द्या.

आता दातिवऱ्याच्या मुलीसाठी. आजीच्या कंबरेचं काम रोबोसाठी थांबवू नकोस. तिचा खराटा चांगल्या चार-पाच फुटी बांबूला घट्ट बांधून दे. रस्ते झाडणारे लोक तसाच वापरतात, उभ्यानं झाडता येतं. बांबू आजीच्या खांद्याला लावून मापून घे. मग गाडी कर, आणि शेणानं सारवलेली जमीन, ओट्याची फरशी, काळा कडप्पा आणि वाळू, या चारही ठिकाणी चालवून बघ. सकाळी एकदा, दुपारच्या उन्हात एकदा. कुठे ती उगाच खड्डा समजून मागे फिरली आणि कुठे खरा खड्डा असून पुढे गेली, ते वहीत लिहून मला पाठव. पहिल्या दिवशी टेबलाखाली उशी ठेवायला मात्र विसरू नकोस.