आत्याबाईंचे घड्याळ

दिवाळी आली की घराला रंग द्यायचा, दाराला तोरण बांधायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. हल्ली त्यात मोबाइलची भर पडली आहे. आकाशकंदील वर चढायच्या आत चिरंजीवांच्या फोनवर पणत्या लागलेल्या असतात! फोनच्या या पोशाखाला 'थीम' म्हणतात. मागची तसबीर, चिन्हे, घड्याळ, सारे एकदम पालटते. असे पोशाख तयार पुष्कळ मिळतात. पण जुन्नरच्या आमच्या आत्याबाईंच्या नातवाने तो घरी शिवला, त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

आत्याबाईंचे यंदा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. झोपेपर्यंत दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, तेव्हा आकडेही मराठीच. नातवाने हौसेने त्यांच्या फोनला फुलाफुलांची एक तयार थीम चढवली होती. तिच्या घड्याळाचे आकडे इंग्रजी. आता इंग्रजी नऊ जरा निरखून पाहा, थेट आपला एक! रात्री डुलकी लागून आत्याबाईंना जाग आली, फोन पाहिला, तो एक वाजलेला. थेंब आता सकाळीच, म्हणून त्या पुन्हा निजल्या. वाजले होते नऊ.

फोनची भाषा मराठी करून पाहिली. एरवी तेवढ्याने भागते. मौज अशी की, भाषा मराठी ठेवली तर फोन सहसा आकडे मराठी दाखवतो, आणि हिंदी ठेवली तर इंग्रजी. दोघींची लिपी एकच, तरी हा भेद! पण थीमचे घड्याळ काही बधेना. कारण तिथले आकडे ही अक्षरे नव्हतीच. शून्य ते नऊ अशी दहा चित्रे असतात आणि वेळ होईल तशी ती शेजारी शेजारी मांडली जातात. चित्राला भाषा कुठली असणार?

शाओमीच्या फोनची थीम म्हणजे नुसते एक गाठोडे. फाइलच्या नावाअखेरचे 'एमटीझेड' काढून 'झिप' लिहिले की गाठ सुटते. आत एका कप्प्यात चिन्हे, दुसऱ्यात कुलूप-पडद्याचे सामान, आणि कोणते चित्र कुठे बसवायचे याची यादी. जुनी दहा चित्रे काढायची, त्याच नावांची आपली ठेवायची आणि गाठोडे पुन्हा बांधायचे.

पोरगा पडला जुन्नरचा. त्याच्या मनात नाणेघाट भरला. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, त्याचे आकडे भिंतीवर कोरलेले. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा. काही अंक तिथे नाहीतच, ते दुसऱ्या लेण्यांतून उसने आणले. पण गाडी अडली ती शून्यापाशी! त्या काळी शून्याचे चिन्हच नव्हते. दहाला निराळी खूण, शंभराला निराळी, हजाराला निराळी. राणीसाहेबांना शून्यावाचून हजारो गाई दान देता आल्या, आमच्या घड्याळाला मात्र दहा वाजवता येईनात.

शिवाय ते आकडे आत्याबाईंना कोण वाचून दाखवणार होते? हा विचार मला आधी सुचला, त्याला उशिरा.

अखेर नेहमीचे मराठी आकडे आले. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला 'मुक्ता' हा टाइप मोफत मिळतो. त्यातले आकडे ठळक करून पांढरे मांडले, आणि मागे पावसाळ्यातला हिरवागार शिवनेरी. आत्याबाईंनी फोन हातभर लांब धरला.

"अरे, किल्ला मला परसदारातून रोज दिसतो. तो घड्याळामागे कशाला उभा केलास?"

किल्ला गेला, काळा पडदा आला. आता थेंब वेळेवर पडतात.

नवरात्रात आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावच्या विहीणबाई आल्या होत्या. त्यांनी हे घड्याळ पाहिले आणि आपलाही फोन पुढे केला. तो दुसऱ्या कंपनीचा, हे गाठोडे तिथे सुटत नाही. पोराने तयार थीम उतरवली, भाषा मराठी केली, अक्षर मोठे केले. दोन मिनिटांचे काम. विहीणबाईंना मात्र लेण्याद्रीचा गणपती हवा आहे, आणि तो आकड्यांच्या मागेच हवा आहे.