कावडीमागून
गडचिरोलीत भामरागडपल्याडची लाहेरी सोडून बिनागुंड्याची पायवाट धरली, की पाठीवरची महागडी सॅक आपली खरी किंमत वसूल करू लागते. एप्रिलचं ऊन होतं. सोबतीला लाहेरीकडचा एक माडिया आदिवासी गडी, खांद्यावर कावड; एका टोकाला तांदूळ-मीठ, दुसऱ्याला तुंब्यातली आंबील. दहा वाजेतोवर पट्ट्यांनी माझे खांदे सोलून निघाले आणि बोलणं खुंटलं. त्याचं चालणं मात्र बघत राहावं असं. बांबू पावलागणिक लवतो, भार वर उसळतो, नेमकं तेव्हाच पाऊल पुढे पडतं. खांदा पालटायचा तोही न थांबता. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळलेला, त्यामुळे जमीन काळी नि तापलेली. "भाऊ, अजून किती?" "हे काय, जवळच!" ते जवळच दोन टेकड्यांपलीकडे निघालं, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या. आपण शहरातले लोक याला ट्रेकिंग म्हणतो, वर फोटो काढतो. या मुलखात मात्र पाठीवर ओझं घेऊन चालणं ही गरज. सत्तरच्या दशकात डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडजवळच्या हेमलकशात आले, त्या काळात रोगीसुद्धा खाटेवर घालून, मैलोगणती चालत त्यांच्याकडे आणले जात. अर्धी आंबील त्याने न विचारता माझ्या हातात दिली. आंबट, कोमट, अमृतच म्हणा. गावात पोचल्यावर मी ओट्यावर आडवा झालो. तो कावड टेकवून लगेच नाल्यावर मासे धरायला गेला.